मचाणावर रात्रभर बसायचंय, बंडाना घेऊ की घरचा दुपट्टा?

धंतोलीची_मैना
नमस्कार मंडळी. यंदा बुद्धपौर्णिमेच्या निसर्गानुभवात (वनखात्याचा, पाणवठ्याजवळ रात्रभर मचाणावर बसून प्राणी बघायचा कार्यक्रम) माझा आणि माझ्या मामेभावाचा नंबर लागला 😊 दुपारी गेटवर हजर व्हायचं, मग मचाणावर सोडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवतात, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीतच असेल. सोबत काय आणायचं त्या यादीत "डोक्याला रुमाल किंवा स्कार्फ, भडक रंग नको" असं एका ओळीत लिहिलंय, बाकी काही नाही. माझा दादा पुण्यात असतो, त्याने लगेच लिंक पाठवली, ट्रेकिंगचे बंडाना, तीनचा सेट ४९९ ला, आणि खाली जाहिरातीत लिहिलंय की ह्याने पाणी गाळता येतं, हात मोडला तर झोळी होते, दोर होतो, मास्क होतो, अजून काय काय, म्हणजे स्वयंपाक तेवढा करत नाही. आई म्हणते घरात सतराशे साठ दुपट्टे पडले आहेत आणि हिला रुमाल विकत घ्यायचाय.

तर खरंच त्या चौकोनी बंडानाचा काही वेगळा फायदा असतो का? आणि ह्यातल्या किती गोष्टी खऱ्या, किती जाहिरातीतल्या? मे महिन्याचं ऊन आहे, दुपारी दोन-तीनला जिप्सीत बसून जंगलात जायचं म्हणजे मला तर आत्ताच घाम फुटून राहिला.

सातपुड्याचा_भटक्या
मैनाताई, अभिनंदन आधी. आता मुद्द्याचं. बंडाना वाईट नाही, पण तो असतो साधारण ५५ सेंटिमीटरचा चौकोन, म्हणजे बावीस इंच. डोक्याला बांधला तर मान उघडी, मानेला बांधला तर डोकं उघडं. तिकडच्या थंड हवेत फिरणाऱ्यांना तेवढा पुरतो कारण त्यांना घाम टिपायचा असतो, आपल्याला लू अडवायची असते. आपला सुती दुपट्टा किंवा गमछा पावणेदोन-दोन मीटर लांब असतो, त्यात डोकं, कान, नाक, मान सगळं जाऊन वर पदर उरतो. आईचं ऐका.

बांधायची पद्धत नागपूरच्या माणसाला काय सांगायची म्हणा, सीताबर्डीवर एप्रिलपासून सगळे तसेच फिरत असतात, पण बऱ्याच जणांचा दुपट्टा जिप्सीच्या वाऱ्याने दहा मिनिटांत सुटतो म्हणून सांगतो. लांबी तशीच ठेवून रुंदीत अर्धा दुमडायचा, डोक्यावर घ्यायचा पण मधोमध नाही, एक बाजू हातभर लांब ठेवायची. आखूड बाजू हनुवटीखालून नेऊन दुसऱ्या कानापाशी खोचायची, मग लांब बाजू नाकावरून घेऊन डोक्याला एक वेढा देऊन मागे आतल्या घडीत दाबायची. गाठ कुठेच नाही. गाठ मारली की ती टोपीखाली किंवा मचाणाच्या फळीला टेकल्यावर टोचते. आणि आवळू नका, कापड आणि डोकं ह्यांच्यात थोडी हवा राहिली पाहिजे, त्या हवेच्या थरामुळेच तर आत ऊन कमी लागतं.

दुसरी गोष्ट, ओला करणे. आपल्याकडचा मे महिना कोरडा असतो, म्हणून ओलं कापड मानेवर टाकलं की पाणी भराभर उडतं आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. घरातला कूलर मेमध्ये गारठवतो आणि जुलैमध्ये नुसता दमट करतो, तसंच हे आहे, त्यामुळे पावसाळ्यात पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जाल तेव्हा ओल्या दुपट्ट्याची अपेक्षा ठेवू नका, तिथे तो फक्त जड होतो. मेमध्ये मात्र मानेच्या मागे आणि दोन्ही बाजूंना ओलं कापड म्हणजे जीव वाचतो. अर्धा लिटर पाणी त्यासाठी वेगळं धरा, प्यायच्या पाण्यात मोजू नका.

आणि एक बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मचाणाच्या दांडीला वाऱ्यात टांगा. जुने फॉरेस्ट गार्ड आणि ट्रकवाले कॅनव्हासची छागळ बाहेर टांगायचे ते ह्याच कारणाने, कापड झिरपत राहतं आणि आतलं पाणी गार राहतं. फ्रीजचं नाही होणार, पण चहासारखं गरम पाणी प्यायची वेळ येत नाही.

पेडल_नागपूर
मी थोडा विरोधी पक्षात 😄 आम्ही रविवारी सकाळी वर्धा रोडने बुटीबोरीकडे सायकलिंगला जातो, हेल्मेटखाली दुपट्टा बसतच नाही, घडी पडते आणि कपाळ दुखायला लागतं. तिथे तो नळीसारखा बफ किंवा पातळ बंडाना बेस्ट. घाम डोळ्यात जात नाही, गळ्यात असला की एका हाताने ओढून नाकावर घेता येतो, मागून ट्रक धूळ उडवत गेला की लगेच. आणि वाळतो पाच मिनिटांत. सुती दुपट्टा एकदा घामाने भिजला की ओल्या गोधडीसारखा लोंबतो आणि चाकात पदर गेला तर विचारू नका. दुचाकीवाल्या ताई लोकांनी पण पदर खोचूनच बसावं, स्कूटीच्या मागच्या चाकात ओढणी अडकून गळ्याला फास बसल्याचे प्रकार होतात, हे मी गमतीत नाही म्हणत.

तर वस्तू कामावर ठरवा. बसायचंय तर दुपट्टा, पळायचं-चालवायचं असेल तर बफ.

तात्या_काटोलकर
बाप्पा काय हे, कापसाच्या मुलखात राहून पोट्टे पॉलिस्टर घेऊन राहिले. ह्याच गावात एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली होती ना, आता तिथं मॉल आहे अन त्या मॉलमधून तुम्ही प्लास्टिकचा रुमाल आणता.

पोरी, मी तुले सांगतो. नवा दुपट्टा घेजो नको. घेतलाच तर गांधीबागेत घेजो, पण त्याले खळ असते, ते कापड पाणी पीतच नाही, अंगावरून घाम नुसता सरकते. दोन-तीनदा गरम पाण्यात धुवून काढजो मग तो मऊ होईन. सगळ्यात चांगलं म्हणजे आजीचं जुनं सुती लुगडं असन तर त्याचा दोन मीटर तुकडा फाडून घे अन कडेले टीप मारून घे. धुवून धुवून असं झालेलं असते की नुसतं पाण्याले लावलं तरी अर्धा गडवा पिऊन घेते.

आमच्या वावरात माणसाच्या खांद्यावर शेला नसला तर त्याले घरी काहीतरी विसरला म्हणतात. सकाळी त्याच्यात शिदोरी बांधून आणायची, भाकर अन ठेचा अन कांदा. दुपारी तोच झाडाखाली अंथरायचा. संत्र्याचं टोपलं डोक्यावर घ्यायचं तर त्याचीच चुंबळ. ही चुंबळ तुमच्या जाहिरातीत आहे का? नसन. पीळ देऊन गोल वेटोळं करायचं, शेवटचं टोक आत खोवायचं, डोक्यावर ठेवायचं अन वर ओझं. ओझं हालत नाही अन टाळू दुखत नाही. जंगलात मोह वेचणाऱ्या, तेंदूपान तोडणाऱ्या बाया एप्रिल-मेच्या उन्हात त्याच एका कापडावर सगळा दिवस काढतात, डोक्याले पण तेच, पुड्याच्या गाठोड्याले पण तेच. त्याईले कोणी लिंक पाठवली नव्हती.

मचाणावर चढायच्या आधी सगळं सामान दुपट्ट्यात बांधून पाठीवर तिरकं टाकजो, एका खांद्यावरून दुसऱ्या काखेखालून, अन गाठ छातीवर. दोन्ही हात शिडीले मोकळे राहतात. हे लेकरू पाठीशी बांधतात तसंच.

सातपुड्याचा_भटक्या
तात्यांना शंभर मार्क. खास करून शिडीची गोष्ट, कारण लोक एका हातात पिशवी आणि एका हातात बाटली घेऊन मचाण चढतात आणि गाईडला घाम फुटतो.

पॉलिस्टरबद्दल अजून एक. विस्तवाजवळ ते वितळून कातडीला चिकटतं, सुती कापड जळतं पण चिकटत नाही. गरम डबा किंवा चहाचं भांडं धरायला सुतीच हवं. (मचाणावर चूल पेटवायचा प्रश्नच नाही हो. १५ फेब्रुवारी ते १५ जून वणवा हंगाम असतो, त्यात जंगलात काडी ओढणं म्हणजे गुन्हाच. बिडीवाल्यांनी पण हे वाचावं.)

धंतोलीची_मैना
किती मस्त माहिती, धन्यवाद सगळ्यांना 🙏 तात्या, आजीचं लुगडं आहे खरंच, मोतिया रंगाचं, पण आई ते फाडू देईल का हा वेगळा धागा होईल.

दोन प्रश्न राहिले. पाणी गाळण्याचं खरं आहे का? म्हणजे आम्ही कॅन घेऊनच जाणार आहोत, पण भाऊ पुढे मेळघाटात आणि चिखलदऱ्याला फिरायचं म्हणतो, तर नाल्याचं पाणी चार पदरी कापडातून गाळून पिता येतं का? आणि दुसरं, कोणाला काही लागलं-बिगलं, साप वगैरे निघाला तर त्या कापडाचा उपयोग कसा करायचा? भावाला वाटतं सापासाठीच रुमाल न्यायचा असतो, वर आवळून बांधायला.

मायक्रोस्कोपवाल्या_मॅडम
कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हणून पाण्याचं मी घेते, सापाचं दुसरं कोणी घ्या, पण आवळून बांधायचं नाही एवढं तेवढ्यात लक्षात ठेवा.

कापडाने पाणी गाळणं ही भाकडकथा नाही, पण त्याची हद्द कळली पाहिजे. रिटा कोलवेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या गटाने बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये बायकांना एवढंच शिकवलं की जुनी सुती साडी घडी घालून आठ पदरी करा, घागरीच्या तोंडावर बांधा आणि त्यातून पाणी भरा. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले, त्या गावांत कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले होते. आता कॉलऱ्याचा जंतू तर कापडाच्या भोकातून हत्तीच्या दारातून मुंगी जावी तसा जाईल, मग हे झालं कसं? तर तो जंतू पाण्यातल्या बारीक प्लवक जीवांना चिकटून राहतो, आणि ते जीव आठ पदरांत अडकतात. आणि तात्या, तुमच्या लुगड्याला तर विज्ञानाचा शिक्का आहे, त्यांच्या तपासणीत नव्या साडीपेक्षा जुनी साडी जास्त चांगली निघाली, कारण धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि मधली भोकं लहान होतात.

दुसरं उदाहरण घरचंच. नारू. माझ्या आईच्या पिढीला माहीत आहे, पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा काढायचा. त्याच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या छोट्या जीवाच्या पोटात असतात आणि तो जीव कापडात अडकतो. देशभर नारू निर्मूलनाचं काम झालं त्यात पायविहिरी बंद करणं होतं, औषध टाकणं होतं आणि हे कापडाने गाळणंही होतं. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. तेव्हा फडक्याला कमी लेखू नका.

पण. हा पण मोठा आहे. कॉलरा सोडून बाकीचे सुटे जंतू, टायफॉइडचे, काविळीचे विषाणू, कापडातून सरळ पार होतात. खत-कीटकनाशक विरघळलेलं असेल तर तेही. म्हणून नाल्याचं पाणी गाळून तसंच प्यायचं नाही. गाळायचं कशासाठी, तर गढूळपणा काढायला, म्हणजे पुढचा उपाय नीट काम करतो. क्लोरीनची गोळी गढूळ पाण्यात टाकली तर तिचा जोर मातीवरच खर्च होतो. फिल्टरची बाटली असेल तर ती गाळाने लवकर तुंबते. तर आधी पाणी भांड्यात निवळू द्या, वरचं वरचं आठ पदरातून ओता, मग उकळा, चांगल्या उकळ्या फुटल्यावर एक मिनिट ठेवा, किंवा गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा.

आणि गाळलेल्या कापडाची जी बाजू वर होती ती वरच राहिली पाहिजे. दुसऱ्या वेळी उलटं धरलं तर अडकलेला सगळा माल धुऊन तुमच्या भांड्यात. नंतर ते कापड धुऊन कडक उन्हात वाळवायचं. ज्याने नाक पुसलं त्याच कापडाने पाणी गाळलं असं करणारे लोक मी फिल्ड ट्रिपला बघते, विद्यार्थी नाही, प्राध्यापक. दोन वेगळ्या रंगांची फडकी ठेवा, एक तोंडाचं-पाण्याचं आणि एक बाकी सगळ्याचं.

वॉर्ड_नंबर_नऊ
नर्सिंगमध्ये आहे, बरीच वर्षं कॅज्युअल्टीला काढली, त्यामुळे सापाचं मी सांगते आणि जरा कडक सांगते.

मैना, भावाला म्हणावं आवळून बांधणे हा प्रकार डोक्यातून काढ. असं करकचून बांधून आलेले पेशंट आम्ही बघतो, खालचा पाय काळानिळा. विष थांबत नाही, पण पायाचा रक्तपुरवठा थांबतो. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर तिथलं मांस आधीच खराब होत असतं, त्यात तुम्ही विष एका जागी कोंडून ठेवता. आणि दवाखान्यात तो बांध सोडला की एकदम त्रास वाढू शकतो, म्हणून कोणी बांधूनच आणलं असेल तर रस्त्यात सोडायचा पण नाही, डॉक्टरसमोर सोडायचा. कापायचं नाही, चोखायचं नाही, साप मारत बसायचं नाही.

मग दुपट्ट्याचं काम काय? चावलेला पाय हलू न देणं. मोडलेल्या हाडाला बांधतात तसं, बाजूला सरळ काठी किंवा दुसरा पायच धरायचा, मधे दुपट्ट्याची घडी भरायची आणि दोन-तीन ठिकाणी सैलसर बांधायचं, खाली बोट गेलं पाहिजे. जोडवी, पैंजण, अंगठी, घड्याळ आधी काढा कारण सूज येते. माणसाला चालवू नका, उचलून न्या, १०८ ला फोन करा, आणि थेट ज्या दवाखान्यात सापाची लस असते तिथे न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारही सापांसाठी एकच लस असते, त्यामुळे साप ओळखण्यात वेळ घालवायची गरज नाही. मंत्र-तंत्रात तर अजिबातच नाही.

हाताची झोळी. इथे बंडाना फेल होतो, बावीस इंचात मोठ्या माणसाचा हात बसत नाही. आम्ही जी तिकोनी पट्टी वापरतो ती मीटरभर चौकोनी कापड तिरकं कापून केलेली असते, त्यावरून अंदाज घ्या. दुपट्टा तिरका दुमडला की ती होते. मनगट कोपरापेक्षा जरा उंच राहिलं पाहिजे, बोटांची टोकं बाहेर दिसली पाहिजेत म्हणजे रंग बघता येतो, आणि गाठ मानेच्या मणक्यावर नको, बाजूला खांद्याच्या खळग्यात मारा, खाली रुमालाची घडी द्या. पाय मुरगळला असेल तर बूट काढू नका, बुटावरूनच आठच्या आकड्यासारखा वेढा द्या, घोट्याच्या मागून, पुढे तिढा, तळव्याखालून, परत वर. बूट काढला की सुजेमुळे परत जात नाही आणि मग त्या माणसाला उचलून आणायची पाळी सगळ्यांवर येते.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून दाबून धरा. थांबलं का थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघू नका, तयार होणारी खपली निघते. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा.

आणि साप-बिप राहू द्या, मे महिन्यात तुम्हाला खरी भीती उष्माघाताची आहे. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या द्यायला लागला, अंग तापलेलं, तर "थोडं बसू दे त्याला" असं नाही करायचं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता, मान, काखा आणि जांघा इथे ओली फडकी ठेवा आणि दुसऱ्या दुपट्ट्याने वारा घाला, फडकी कोमट झाली की परत भिजवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि गाडी बोलवा, हे सगळं गाडी येईपर्यंत करायचं आहे, गाडीऐवजी नाही.

पेडल_नागपूर
ताई हे सगळं स्क्रीनशॉट मारून आमच्या ग्रुपवर टाकलं. बूट न काढण्याचं मला माहीतच नव्हतं.

बाय द वे मी हार मानलेली नाही, बफ अजून माझ्या गळ्यातच आहे 😄 पण बॅगेत आता एक गमछा पण जाईल. आणि दोर? दोराचं कोणीच बोललं नाही. दोन दुपट्टे बांधून उतरता येतं असं व्हिडिओत बघितलं.

सातपुड्याचा_भटक्या
नाही उतरता येत. म्हणजे उतरता येतं, एकदाच. गाविलगडावर पावसाळ्यात ओल्या दगडावरून कोणाला हात देताना हात पुरत नसेल तर पीळ दिलेला दुपट्टा पकडायला देणं वेगळं, तिथे माणसाचे पाय जमिनीवर असतात. पूर्ण वजन कापडावर टाकायचं नाही, गाठ सरकते नाहीतर जुनं कापड फाटतं, आणि आपण तर वर सांगून राहिलो की कापड जितकं जुनं तितकं चांगलं.

दोर म्हणून खरा उपयोग बारीक कामाचा. पिशवीचा पट्टा तुटला, बुटाचा सोल निघाला (हे मेमध्ये फार होतं, उन्हाने डिंक सुटतो), तंबूची दोरी कमी पडली. कडेची एक पट्टी फाडायची आणि बांधायचं. वाटेत खूण म्हणून झाडाला चिंध्या बांधायची सवय काही ग्रुपना आहे, ती बांधली तर परत येताना काढा तरी, आणि व्याघ्र प्रकल्पात मुळीच नको.

मधमाश्यांचं राहिलं. चिखलदऱ्याकडे कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतात. उठल्या तर दुपट्टा हवेत फिरवून हाकलायला जाऊ नका, त्याने त्या जास्तच चवताळतात. डोकं-तोंड-मान पूर्ण गुंडाळा, डोळ्यांपुढे एक पदरी कापड म्हणजे दिसत राहतं, आणि सरळ लांब पळा, गाडी किंवा घर सापडेपर्यंत. पाण्यात उडी मारली की त्या वर थांबून राहतात. ही एक जागा जिथे मोठ्या दुपट्ट्याला बंडाना, बफ, टोपी कशाचीच बरोबरी नाही.

धुळीला मात्र फार मोठा समजू नका. सफारीत पुढच्या जिप्सीची धूळ नाका-तोंडात जायची ती दोन पदरी ओलसर कापडाने बरीच अडते, पण दम्याच्या माणसाने मास्कच घ्यावा. आणि धुरात ओला रुमाल बांधून जाण्याचा शहाणपणा नको, विषारी वायू कापडाने अडत नाहीत.

धंतोलीची_मैना
बरं मग ठरलं, आईने लुगडं दिलं!! फक्त अट अशी की फाडायचं नाही, अख्खं न्यायचं आणि अख्खं परत आणायचं. म्हणजे माझ्याकडे आता नऊ वार दुपट्टा आहे, तात्या खूश असतील. भावासाठी गांधीबागेतून खाकी रंगाचा गमछा घेतला, खळ काढायला भिजत टाकलाय, बादलीचं पाणी चहासारखं झालं.

आता मोतिया रंग चालेल का मचाणावर? की चहाच्या पाण्यात बुडवून रंगवू? आणि मला कोरड्या हवेत खोकल्याची उबळ येते, रात्री पाणवठ्यावर काही आलं आणि नेमका तेव्हाच खोकला आला तर गाईड मला खाली ढकलेल.

तात्या_काटोलकर
नऊ वार! वा! त्यात तुम्ही दोघं अन गाईड पण झोपून जान.

सातपुड्याचा_भटक्या
दिवसा ऊन असेपर्यंत फिकट रंगच बरा, कमी तापतो. पण चांदण्यात पांढरट कापड हललं की लांबून दिसतं, म्हणून संध्याकाळनंतर लुगडं खाली अंथरायला किंवा पाठीमागे टेकायला घ्या आणि अंगावर भावाचा खाकी गमछा. तो त्याच्याकडून कसा घ्यायचा ते तुम्ही बघा. रंगवायच्या भानगडीत पडू नका, आजीचं लुगडं आहे. जायच्या आधी मात्र दोन्ही कपडे साध्या पाण्यात खंगाळा, वासाचं डिटर्जंट, कम्फर्ट, अत्तर काही नको, जनावराला आधी वास लागतो. टॉर्च लावू देत नाहीत, पण गाईडला नोंद लिहायला उजेड लागला तर टॉर्चच्या तोंडावर गमछ्याच्या दोन-तीन घड्या धरा आणि तोंड खाली.

खोकल्यासाठी गमछ्याचं एक टोक ओलं करून नाका-तोंडावर सैल ठेवा, कोरडी हवा थेट घशात जात नाही आणि उबळच कमी येते. तरी आली तर त्याच टोकाची चार-सहा घडी तोंडावर दाबून त्यात खोका, आवाज बराच दबतो. खिशात खडीसाखर ठेवा, पण प्लास्टिकच्या पुडीत नको, रात्रीच्या शांततेत ती पुडी उघडताना खोकल्यापेक्षा जास्त आवाज होतो. दुपट्ट्याच्या कोपऱ्याला गाठ मारून त्यातच बांधा.

वॉर्ड_नंबर_नऊ
आणि ओआरएसची दोन पाकिटं त्याच गाठीत. ती मात्र घरीच एका कोपऱ्याला कापून ठेवू नका, सांडतात.